पऱ्हे म्हातारे होण्याआधी : बदलत्या पावसात लहान धान शेतकऱ्याने काय करावे?

भंडारा/गोंदिया : जुलै उजाडला की पानठेल्यावर एकच विषय असतो. "का गा भाऊ, रोवणी लागली का?" आणि अलीकडे उत्तरही ठरलेलंच. "कायची रोवणी? पऱ्हे म्हातारे व्हाले, पाणीच नाही गा बांधीत." पुढच्या पंधरवड्यात तोच शेतकरी धुऱ्यावर उभा राहून सांगतो, की एका रात्रीच्या पावसात रोवणी वाहून गेली. एकाच हंगामात पाण्यासाठी रडायचं आणि पाण्यामुळेही रडायचं, अशी धान उत्पादकाची गत झाली आहे.

पाच-दहा एकरवाल्याचं एक वेळ निभतं. पण ज्याच्याकडे दीड-दोन एकर धानाची बांधी आहे, त्याचा एक हंगाम गेला की घरचा तांदूळ, सोसायटीचं कर्ज आणि पुढच्या वर्षीचं बियाणं असं तिन्ही अडकतं. म्हणून हवामान बदल हा विषय आता परिषदांपुरता राहिलेला नाही. तो पऱ्ह्यापर्यंत आला आहे. या लेखात आपल्या भागात शेतकऱ्याच्या हाती नेमकं काय आहे, कुठली पद्धत कुठल्या बांधीत चालते आणि कुठे चालत नाही, हे बघू.

पाऊस कमी झाला नाही, त्याची चाल बिघडली

आपल्याकडे अजूनही मृगात पऱ्हे टाकायचे, आर्द्रा-पुनर्वसूत रोवणी करायची आणि हस्ताचा पाऊस भारी धानाला पोसायचा, असा हिशोब चालतो. हा हिशोब चुकीचा नव्हता. तो ज्या पावसावर बेतला होता, तो पाऊस बदलला.

हवा तापली की तिच्यात जास्त बाष्प मावते. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले, तर हवा साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा दणकून पडतो आणि मधले दिवस कोरडे जातात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आपले धानाचे जिल्हे याच पट्ट्याला लागून आहेत.

दूरचे दाखले कशाला? २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांत नदीकाठचे धान पाण्याखाली गेले. तीन वर्षांनी, २०२३ चा ऑगस्ट देशपातळीवर १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. महिना तोच, पण एकदा बुडवणारा आणि एकदा वाळवणारा.

म्हणजे 'यंदा पाऊस किती' एवढा एकच प्रश्न आता पुरत नाही. तो कधी पडणार, किती दिवसांच्या खंडाने पडणार, आणि पडला तर माझ्या बांधीतून किती लवकर निघणार, हे तीन प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत.

आधी दिवसांचा हिशोब : हलके, मध्यम की भारी?

सर्वांत स्वस्त बदल बियाण्याच्या निवडीत आहे. त्यासाठी यंत्र लागत नाही, फक्त बोटांवर दिवस मोजावे लागतात.

समजा पऱ्हे २० जूनला टाकले. १२० दिवसांचे हलके धान असेल तर ते १८ सप्टेंबरच्या आसपास निसवते आणि १८ ऑक्टोबरच्या सुमारास कापणीला येते. १५० दिवसांचे भारी धान असेल तर निसवण्याचीच वेळ १८ ऑक्टोबर येते. कापणी नोव्हेंबरच्या मध्यावर. आता विदर्भातून मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. म्हणजे भारी धानाला सर्वांत जास्त पाणी लागते, नेमके तेव्हाच आभाळ रिकामे असते. जवळ बोडी, विहीर किंवा कालव्याची खात्रीची पाळी नसेल, तर भारी धान हा जुगार आहे.

पण म्हणून सगळीकडे हलके धान लावा, असेही नाही. हलके धान ऑक्टोबरात कापणीला येते आणि परतीचा पाऊस रेंगाळला तर कडपा पाण्यात भिजतात, लोंबीलाच कोंब फुटतात. दोन्हीकडे धोका आहे. म्हणून शेती वाटून घ्यायची :

- उंचावरची, लवकर सुकणारी बांधी : ११० ते १२० दिवसांचे हलके वाण.
- मधली, ओल धरणारी बांधी : १२५ ते १३५ दिवसांचे मध्यम वाण.
- खोलगट किंवा तलावाखालची बांधी : भारी वाण, पण तिथे पाण्याची सोय आणि पाणी काढण्याची वाट असेल तरच.

दोन एकरवाल्यानेही किमान दोन कालावधींची वाणे लावावीत. एक बिघडले तर दुसरे तगते. रोवणी, कापणी आणि चुरणे एकाच आठवड्यात अंगावर येत नाही, हा वरचा फायदा. कोणते वाण आपल्या मंडळात चालते, हे दुकानदाराच्या रंगीत पिशवीवरून ठरवू नका. साकोलीचे कृषी संशोधन केंद्र आणि सिंदेवाहीचे विभागीय कृषी संशोधन केंद्र ही डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची धानावर काम करणारी केंद्रे आपल्याच पट्ट्यात आहेत. तिथे विचारा.

बुडणाऱ्या बांधीसाठी वेगळे बियाणे

नदी-नाल्याकाठी, जिथे दर दोन-चार वर्षांनी धान पाण्याखाली जाते, तिथे 'सब-१' गुण असलेल्या वाणांचा विचार करावा. हा गुण मूळचा ओडिशातल्या एका जुन्या देशी धानाचा. शास्त्रज्ञांनी तो स्वर्णा या लोकप्रिय वाणात आणला आणि 'स्वर्णा सब-१' हे वाण २००९ मध्ये आपल्या देशात प्रसारित झाले.

साधे धान पाण्याखाली गेले की हवेसाठी उंच वाढायला बघते. त्यात अंगातली साठवलेली शक्ती संपते आणि पाणी ओसरल्यावर ते लोळते, सडते. सब-१ वाण उलटे करते. पाण्याखाली ते वाढ थांबवून शक्ती राखून ठेवते आणि पाणी ओसरले की पुन्हा फुटते. साधारण दोन आठवड्यांपर्यंत ते असे तग धरू शकते.

मात्र त्याच्या मर्यादा लक्षात ठेवा. पाणी त्यापेक्षा जास्त दिवस तुंबले, फार गढूळ राहिले किंवा धान निसवत असताना पूर आला, तर हा गुणही कामी येत नाही. शिवाय स्वर्णा सब-१ हे कालावधीने भारीच वाण आहे. म्हणजे पुरातून वाचले तरी ऑक्टोबरात पाणी मागणारच. उंच बांधीत ते लावण्यात काही अर्थ नाही.

पूर ओसरल्यावर दुसऱ्याच दिवशी युरिया फेकण्याची घाई करू नका. झाड आधीच थकलेले असते. पाच-सात दिवस थांबा, नवी पालवी दिसू द्या. ज्या ठिकाणी रोपे मेली, तिथे शेजारच्या चांगल्या चुडातले फुटवे वेगळे करून लावा. मगच नत्राचा हलका हप्ता आणि सोबत पालाश द्या.

पऱ्हे : सगळे एकाच दिवशी टाकू नका

आपल्याकडे पहिला पाऊस आला की सगळे पऱ्हे एकाच दिवशी टाकायची सवय आहे. मग पाऊस दडी मारतो आणि २१ ते २५ दिवसांत उपटायचे पऱ्हे ४० दिवसांचे होतात. पऱ्ह्यातच गाठी धरलेल्या रोपाला बांधीत फुटवे कमी येतात, आणि फुटवे कमी म्हणजे लोंब्या कमी. हे नुकसान नंतर कितीही खत टाकले तरी भरून निघत नाही.

उपाय सोपा आहे. पऱ्हे दोन टप्प्यांत टाका, मध्ये १२ ते १५ दिवसांचे अंतर ठेवून. पहिला टप्पा म्हातारा झाला तर दुसरा तरुण असतो. बियाणे थोडे जास्त लागते हे खरे, पण एकरी दोन-चार किलो बियाण्याची किंमत आणि हंगाम वाया जाण्याची किंमत यांची तुलना ज्याची त्याने करावी. जिथे चार-पाच शेतकऱ्यांची शेती लागून आहे आणि एकाकडे विहीर आहे, तिथे विहिरीजवळ सामूहिक पऱ्हे टाकता येतात. एका एकराच्या रोवणीला साधारण चार गुंठे जागा लागते.

तीन गोष्टी मात्र सोडू नका :

१. मिठाचे पाणी. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओता. तरंगलेले पोचट दाणे काढून टाका. बुडालेले बियाणे दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. त्यानंतरच बीजप्रक्रिया करा.

२. गादीवाफा. सपाट जागेत टाकलेले पऱ्हे एका जोराच्या पावसात दबतात. चार बोटे उंच वाफा केला आणि बाजूने पाणी जायला चर ठेवला, की पऱ्हे वाचतात. कोरड पडली तर त्याच चरातून पाणीही देता येते.

३. वय. तरीही पऱ्हे ३५-४० दिवसांचे झालेच, तर नेहमीच्या अंतरावर लावू नका. अंतर कमी करा, एका चुडात दोनऐवजी तीन-चार रोपे लावा. फुटव्यांची कसर थोडी तरी भरून निघते.

रोवणीला पर्याय : आवत्या, पण ओळीत

आपल्या आजोबांच्या काळातही सगळे धान रोवलेले नसायचे. आवत्या होताच. बियाणे फेकायचे आणि पावसावर सोडायचे. त्यात तण फार होते आणि उतारा कमी येतो, म्हणून तो मागे पडला. आज रोवणीची मजुरी, चिखलणीचा ट्रॅक्टर आणि पावसाची वाट यांमुळे तोच आवत्या सुधारून परत येतो आहे.

सुधारणा दोन आहेत. एक, बियाणे फेकायचे नाही, तर पेरणी यंत्राने किंवा तिफणीने ओळीत पेरायचे. खोली एक इंचाच्या आसपास, एकरी साधारण १२ ते १६ किलो बियाणे. दोन, तणाचा बंदोबस्त पेरणीच्या आधीच ठरवायचा. पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत, जमिनीत ओल असताना, उगवणीपूर्वीचे तणनाशक मारावे लागते. पुढे १५-२० दिवसांनी तण दोन-चार पानांचे असताना दुसरी फवारणी किंवा निंदण करावे लागते. मात्रा डब्याच्या लेबलवरची, शेजाऱ्याने सांगितलेली नाही.

फायदा असा, की चिखलणीला लागते तेवढ्या पाण्याची वाट बघावी लागत नाही. चांगली ओल झाली की पेरणी उरकते. मुळे खोल जातात, म्हणून आठ-दहा दिवसांचा खंड सोसतो. रोवणीचा धक्का बसत नसल्याने धान आठवडाभर लवकरही येते.

आता तोटा. पेरल्यावर लगेच मुसळधार पाऊस येऊन बांधीत पाणी साचले, तर बियाणे कुजते. म्हणून खोलगट बांधीत हे करू नका. पहिल्या महिन्यात तणाकडे दुर्लक्ष झाले, तर पीक हातचे गेलेच समजा. हलक्या जमिनीत कोवळी पाने पिवळी पडतात. तो बहुधा लोहाचा तुटवडा असतो, युरियाचा नाही. तेव्हा १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि त्याच्या निम्मा चुना मिसळून निवळी फवारावी.

गादीवाफ्यावरचे धान : सगुणा पद्धत

रायगड जिल्ह्यात नेरळजवळ सगुणा बागेत शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेली 'सगुणा राइस टेक्निक', म्हणजे एसआरटी, आता राज्यभर माहीत झाली आहे. यात साडेचार फुटांवर कायमचे गादीवाफे एकदाच करतात. लोखंडी साच्याने त्यावर ठरावीक अंतराने छिद्रे पाडून त्यात धान टोकतात. चिखलणी नाही, पऱ्हे नाहीत, रोवणी नाही. कापणी झाल्यावर मुळे तशीच जमिनीत ठेवतात. ती कुजून जमीन भुसभुशीत होते, गांडुळे वाढतात, आणि त्याच वाफ्यावर नांगरणीशिवाय हरभरा, वाल किंवा मूग घेता येतो.

ही पद्धत निचरा होणाऱ्या बांधीत चांगली. वाफ्यामुळे पाणी जास्त झाले तर सरीतून निघून जाते आणि कमी झाले तर वाफा ओल धरतो. मात्र इथेही तणनाशकाचा खर्च आहे, पहिल्या वर्षी वाफे करण्याची मेहनत आहे, आणि उतारा बघायला दोन-तीन हंगाम धीर धरावा लागतो. काळ्या चिबड जमिनीत आधी चार-पाच गुंठ्यांवर करून बघा.

'श्री' आणि चारसूत्री : जुनी शिकवण, नवे कारण

श्री पद्धत आपल्या भागाला नवीन नाही. मूळची ती मादागास्करची. ८ ते १२ दिवसांचे कोवळे रोप, एका ठिकाणी एकच, २५ बाय २५ सेंटिमीटरवर, आणि बांधी सतत तुडुंब न भरता फक्त ओली ठेवायची. बियाणे एकरी दोन किलोच लागते. मुळे मोठी होतात, फुटवे जास्त येतात. पण जुलैच्या झडीत इतके कोवळे रोप बुडते, म्हणून अनेकांनी ती सोडली. मधला मार्ग असा की १२ ते १५ दिवसांची दोन रोपे लावावीत आणि अंतर तेच ठेवावे. खोलगट बांधी यातून वगळावी.

डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली चारसूत्री पद्धतही आजच्या पावसात जास्तच कामाची आहे. धानाचा पेंढा व तुसाची राख जमिनीला परत देणे, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडणे, दोरीवर नियंत्रित रोवणी, आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची ब्रिकेट चार बोटे खोल खोचणे, अशी ही चार सूत्रे. यातले शेवटचे सूत्र बघा. आपण युरिया फेकतो आणि रात्री ७० मिलिमीटर पाऊस येतो. सकाळी युरिया शेजाऱ्याच्या नाही तर नाल्याच्या मालकीचा झालेला असतो. खोल खोचलेली गोळी वाहून जात नाही, हळूहळू विरघळते आणि खतही कमी लागते.

पाण्याचा हिशोब : बांधी भरलेली हवी की ओली?

'धान म्हणजे पाण्यात उभे पीक' हे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. खरे म्हणजे धानाला पाणी सोसते. ते सतत साचलेले लागतेच असे नाही. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार एक किलो धान पिकवायला शेतात सरासरी २,५०० लिटर पाणी पुरवावे लागते, आणि त्यातले बरेचसे झिरपून आणि उडून जाते.

याच संस्थेने लहान शेतकऱ्यासाठी एक साधी युक्ती प्रचारात आणली. साधारण एक फूट लांबीचा आणि चार ते सहा इंच रुंद प्लॅस्टिकचा पाइप घ्या. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला चारही बाजूंनी छिद्रे पाडा. छिद्रांचा भाग जमिनीत जाईल असा तो बांधीत गाडा आणि आतली माती काढून टाका. आता पाइपात डोकावले की जमिनीखाली पाणी किती खोल आहे ते दिसते. पाणी जमिनीच्या एक वीतभर, म्हणजे १५ सेंटिमीटर खाली गेले की मग पाच सेंटिमीटर भरा. तोपर्यंत मोटार बंद. वरून जमीन कोरडी दिसली तरी मुळांना पाणी असते.

दोन वेळा मात्र हा नियम पाळायचा नाही. रोवणीनंतरचे पहिले दोन आठवडे पाणी ठेवा, नाहीतर तण माजते. आणि निसवण्याच्या आधी एक आठवडा ते नंतर एक आठवडा पाणी अजिबात तुटू देऊ नका. तेव्हा ताण पडला तर दाणे पोचट राहतात.

यातून पाण्याची ३० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. साचलेल्या पाण्यामुळे चिखलातून मिथेन हा वायू निघतो, तोही बराच कमी होतो. पण लहान शेतकऱ्याला वायूपेक्षा बोडीचा हिशोब महत्त्वाचा. एका एकरावर पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे दोन लाख लिटर. २० बाय २० मीटरची, तीन मीटर खोल, उताराच्या काठांची बोडी पूर्ण भरली तरी पावणेनऊ लाख लिटरच्या आसपास पाणी धरते. म्हणजे एका एकराला चार पाळ्या, आणि झिरपणे-उडणे वजा केले तर तीनच. ऑगस्टमध्ये उगाच दोन पाळ्या दिल्या, तर ऑक्टोबरात निसवण्याच्या वेळी बोडी कोरडी. सप्टेंबरमध्ये वाचवलेली पाळी हीच खरी कमाई आहे.

ज्याच्याकडे पाणी द्यायचे साधनच नाही, त्याला हा पाइप काय कामाचा? फारसा नाही, हे सरळ सांगितले पाहिजे. त्याने धुऱ्यावर लक्ष द्यावे. धुरा वीतभर उंच आणि पक्का, खेकड्यांची बिळे बुजवलेली, आणि पाणी काढायला एकच ठरलेली वाट. २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की सरकारी भाषेत अतिवृष्टी. एवढ्या पावसात एका एकरावर दोन लाख साठ हजार लिटर पाणी पडते. पक्का धुरा ते अडवतो, कच्चा धुरा फोडून ते सगळे घेऊन जाते.

तुडतुडा, गादमाशी आणि ढगाळ दिवस

उबदार, दमट आणि ढगाळ हवा लांबली की तुडतुडे वाढतात. त्यात दाट रोवणी, जास्त युरिया आणि सतत साचलेले पाणी असेल तर त्यांना आयतेच घर मिळते. दर दहा ओळींनंतर फूटभर पट्टा मोकळा सोडला, तर वारा-ऊन खेळते आणि फवारणी करायलाही आत जाता येते. तुडतुडे दिसले की आधी तीन-चार दिवस बांधीतले पाणी काढा. चुडाच्या बुडाशी बघा, वर पानावर नाही. दर चुडाला दहाच्या आसपास तुडतुडे दिसू लागले की फवारणीचा विचार करा. शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारायचे, यात मित्रकिडीच मरतात.

गादमाशीसाठी उशिराची रोवणी टाळणे हाच मोठा उपाय. पुन्हा गाडी पऱ्ह्याच्या वेळेवरच येते.

उन्हाळी धान : इथे धोका उन्हाचा

ज्यांना कालव्याचे किंवा बोअरचे पाणी आहे ते उन्हाळी धान घेतात. धान फुलोऱ्यात असताना, सकाळी फुले उघडण्याच्या वेळी तापमान ३५ अंशांच्या वर गेले, तर परागीभवन बिघडते आणि लोंबी पांढरी, पोचट राहते. आपल्याकडे एप्रिलमध्ये काय तापते ते वेगळे सांगायला नको. रात्रीचे तापमान वाढणेही घातक आहे. फिलिपिन्समधल्या प्रयोगांवर आधारित २००४ च्या अभ्यासात रात्रीचे तापमान एक अंशाने वाढले, तर उतारा सुमारे दहा टक्क्यांनी घटल्याचे दिसले होते.

म्हणून उन्हाळी धानाचे पऱ्हे डिसेंबरमध्ये, रोवणी जानेवारीअखेर पूर्ण, आणि वाण हलकेच. फेब्रुवारीच्या मध्यावर रोवणी करणाऱ्याने त्याऐवजी मूग किंवा भुईमुगाचा विचार करावा. खरिपाच्या धानात ओल असतानाच लाखोरी, जवस किंवा हरभरा टाकायची उतेऱ्याची जुनी रीतही विसरू नका. पाणी न देता, नांगर न लावता घरच्या डाळीची सोय होते.

एकट्याने होणार नाही असे काही

कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी बांधलेले तलाव हे आपल्या भागाचे वैभव. नवेगाव बांध हा त्यातला सर्वांना ठाऊक असलेला. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, ते 'मामा तलाव' म्हणून ओळखले जाऊ लागले आणि अनेक गाळाने भरले. बदलत्या पावसात हेच तलाव दुहेरी कामाचे आहेत. अतिवृष्टीचे पाणी पोटात घेतात आणि खंडात परत देतात. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही राज्याची योजना २०१७ पासून आहे. उन्हाळ्यात ग्रामसभेत तलावाचा ठराव घेणे, पाट मोकळे करणे आणि गाळ उंचावरच्या हलक्या बांधीत नेणे, हे गावाने मिळून करायचे काम आहे.

आणखी एक गोष्ट. ठेक्याने किंवा बटईने करणारा शेतकरी सर्वांत जास्त जोखीम घेतो, पण नुकसानीची मदत सातबाऱ्यावरच्या नावाने येते. म्हणून ठेक्याची बोली लिहून ठेवा. बुडाले तर ठेका किती सुटेल आणि मदत आली तर कोणाची, हे हंगामाआधी ठरवा. ई-पीक पाहणी वेळेत करा. विम्याचे नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा अंतिम तारखेआधी कृषी सहायकाला विचारा, आणि नुकसान झाले तर तारखेसह फोटो त्याच दिवशी काढा. रोज सकाळी 'मेघदूत' ॲपवर पुढच्या पाच दिवसांचा अंदाज बघून मगच युरिया, फवारणी किंवा कापणी ठरवा. कडपा पडलेल्या असताना आलेला पाऊस वर्षभराची मेहनत भिजवतो, आणि १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलाव्याचे धान खरेदी केंद्र घेत नाही.

सुरुवात एका बांधीपासून

नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे आठवा. या लहान शेतकऱ्याने आपल्याच बांधीतल्या वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे जपल्या आणि त्यातून एचएमटी धान उभे राहिले. त्यांनी सगळी शेती पणाला लावली नव्हती. डोळे उघडे ठेवून एका कोपऱ्यात प्रयोग केला होता.

लहान शेतकऱ्याला हाच रस्ता परवडतो. या वर्षी फक्त एवढे करा :

- मे महिन्यात : धुरे पक्के करा, आपल्या बांधींची उंच, मधली आणि खोल अशी वाटणी करा, त्यानुसार दोन वाणांचे बियाणे आणा.
- जूनमध्ये : मिठाच्या पाण्यातून काढलेले बियाणे गादीवाफ्यावर, दोन टप्प्यांत.
- जुलैमध्ये : एका उंच बांधीत, पाच-दहा गुंठ्यांवर, ओळीतला आवत्या किंवा एसआरटी. बाकी नेहमीप्रमाणे रोवणी, पण पट्टा सोडून.
- ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये : एक पाइप गाडा, पाण्याची पाळी त्याला विचारून द्या.
- कापणीनंतर : त्या बांधीचे आणि शेजारच्या बांधीचे धान वेगवेगळे चुरा, वेगवेगळे मोजा आणि खर्चही वेगळा लिहा.

शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे. कारण पुढच्या वर्षी काय करायचे, हे कुठल्याही लेखापेक्षा तुमच्याच वहीतले दोन आकडे चांगले सांगतील. पाऊस आपल्या हातात नाही. पण पऱ्हे कधी टाकायचे, ते अजून आपल्याच हातात आहे.